चारही चाकांचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

जून संपत आला की ही तक्रार सुरू होते आणि नवरात्रापर्यंत थांबत नाही. स्विच दाबला, फोर-बाय-फोरचा दिवा लागला, पण बांधावर चढताना मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवतात आणि पुढची नुसती बघत बसतात. तक्रार करणारे बहुतेक ठाणे-नवी मुंबईत राहणारे. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे दोन-चार एकर जागा घेतलेली, आणि तिथं फिरायला, खताची पोती न्यायला एटीव्ही, म्हणजे हँडलवर चालणारी कच्च्या वाटेची चारचाकी, ठेवलेली. गाडी टेम्पोत चढवून, शिळफाट्याची रहदारी सोसून तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमच्याकडे येते, तोवर मालकाचं ठरलेलं असतं की पुढचा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गियरची जोडणी) गेला. गावच्या मिस्त्रीने तसं छातीठोकपणे सांगितलेलंही असतं.

बऱ्याचदा तो गेलेला नसतो. एटीव्हीच्या पुढच्या चाकांना ताकद देण्याच्या निदान चार वेगळ्या तऱ्हा बाजारात आहेत आणि एका तऱ्हेत जे बिघाडाचं लक्षण, ते दुसरीत अगदी रोजचं वागणं असतं. आपली गाडी कुठल्या तऱ्हेची आहे हे कळल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नाही. पार्ट बदलून होतात, पैसे जातात, आणि पुढच्या पावसात तीच गाडी त्याच बांधावर रुतते.

आधी एक बाब उरकून टाकू. रिसॉर्टवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर अर्ध्या तासाच्या फेरीला मिळतात त्या छोट्या चेनवाल्या क्वाड गाड्यांना बहुधा फोर-व्हील नसतंच. चेन मागच्या ॲक्सलला जाते आणि विषय तिथंच संपतो. अशी जुनी गाडी कुणाकडून स्वस्तात घेतली असेल तर खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधोमध बघा. तिथं गियरकेस नसेल, गियरबॉक्सकडून पुढे येणारा शाफ्ट नसेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आता ज्यांच्या गाडीला खरंच फोर-व्हील आहे त्यांच्यासाठी. थार किंवा जिम्नी चालवणाऱ्यांचा इथं हमखास गोंधळ होतो, कारण जीपचा हिशेब एटीव्हीला लागू पडत नाही. बहुतेक एटीव्हींच्या मागच्या ॲक्सलला डिफरेन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं कायम एकमेकांना जखडलेली असतात. त्यामुळे टू-व्हीलमध्येसुद्धा दोन चाकं खरोखर ओढतात. साध्या डिफरेन्शियलची जीप टू-व्हीलमध्ये चिखलात गेली की एकच चाक गरगरतं, तसं इथं होत नाही. गुरखासारख्या गाडीत पुढचा आणि मागचा डिफरेन्शियल लॉक करायची वेगळी सोय द्यावी लागते. एटीव्हीत मागचा लॉक जन्मजात मिळालेला असतो. सगळा फरक पुढच्या बाजूला आहे.

पहिली तऱ्हा गरजेपुरती जोडणारी. पोलॅरिसच्या स्पोर्ट्समन गाड्यांत ही असते आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच आहेत. स्विच दाबला म्हणजे पुढची चाकं ओढायला लागली, असं इथं होत नाही. पुढच्या गियरकेसमध्ये एक विद्युत कॉइल, एक लोखंडी चकती आणि रोलरचा पिंजरा असतो. स्विच दाबल्यावर कॉइल चकतीला ओढते आणि रोलर पकडीच्या जागी येऊन तयार राहतात. तयार राहतात एवढंच. गियरचं गुणोत्तर मुद्दाम असं ठेवलेलं असतं, की गाडी नीट चालत असताना आतला रिंग गियर चाकांपेक्षा थोडा हळू फिरतो आणि चाकं मोकळी पुढे पळतात. मागची चाकं घसरून जास्त फिरायला लागली की रिंग गियर चाकांना गाठतो, रोलर अडकतात आणि पुढची दोन्ही चाकं एकदम ओढू लागतात. दोन्ही, कारण यात पुढेही नेहमीचा डिफरेन्शियल नाही. म्हणजे मागची चाकं थोडी घसरल्याशिवाय पुढची ओढणारच नाहीत, हा या गाडीचा स्वभाव.

यातली खरी मेख इंजिनाच्या फेऱ्यांत आहे. अनेक स्पोर्ट्समन मॉडेलांत इंजिन 3100 आरपीएमच्या खाली येईपर्यंत कॉइलला वीज जातच नाही. गिअर घडघडून तुटू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. माणूस करतो काय? गाडी रुतते, मागची चाकं गरगरतात, घाबरून तो थ्रॉटल आणखी दाबतो आणि मग फोर-व्हीलचा स्विच टाकतो. फेऱ्या चढलेल्या, कॉइलला वीज नाही, पुढची चाकं ढिम्म. थ्रॉटल पूर्ण सोडा, इंजिन शांत होऊ द्या, मग हळूच दाबा. आमच्याकडे टेम्पोतून आलेल्या काही गाड्या आवारातच एवढ्यावर "दुरुस्त" झाल्या आहेत. त्याहून बरं म्हणजे चिखल समोर दिसला की आत शिरण्याआधीच स्विच टाकून ठेवायचा.

दुसरी तऱ्हा कॅन-ॲमच्या व्हिस्को-लोकची. इथं पुढे खरा डिफरेन्शियल आहे आणि त्याच्या आत सिलिकॉन द्रवाचा छोटा पंप. पुढच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला की पंप दाब तयार करतो आणि तो दाब आतल्या चकत्या आवळत आवळत डिफरेन्शियल लॉक करत नेतो. याचा अर्थ एक पुढचं चाक थोडा वेळ रिकामं फिरणं हे ठरलेलंच आहे. ते फिरलं नाही तर दाब कुठून यायचा? पण नेमकं तेच बघून लोक थ्रॉटल सोडतात, पुन्हा मारतात, पुन्हा सोडतात. प्रत्येक वेळी जमलेला दाब उतरतो. इथं वरच्या सल्ल्याच्या बरोबर उलटं करायचं: थ्रॉटल एकसारखा, मध्यम, दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा. नंतर आलेल्या क्यूई प्रकारात हे आवळणं लवकर होतं, आणि चिखलासाठीच्या काही मॉडेलांत आता इलेक्ट्रॉनिक लॉकही मिळतं. जुन्या आउटलँडरवर टू-व्हील ते फोर-व्हील बदल गाडी थांबवूनच करायचा असतो. चालू गाडीत बदलला तर आतले दात खरवडतात.

तिसरी तऱ्हा पूर्ण लॉक होणारी. यामाहाच्या ग्रिझली 700 वर टू-व्हील, फोर-व्हील आणि डिफरेन्शियल लॉक असे तीन टप्पे आहेत. सुझुकीच्या किंगक्वाडवरही तसेच. नुसत्या फोर-व्हीलमध्ये पुढचा डिफरेन्शियल मर्यादित घसरणीचा, म्हणजे एकट्या चाकाला फार गरगरू न देणारा, आणि लॉक टाकला की पुढची दोन्ही चाकं मागच्यांसारखीच जखडतात. इथली नेहमीची तक्रार म्हणजे "लॉकचा दिवा लुकलुकतो, स्थिर होत नाही." तो बिघाड असेलच असं नाही. आतले दात समोरासमोर आलेले नसतात म्हणून लॉक अर्ध्यावर थांबलेलं असतं. हँडल डावी-उजवीकडे हलवत गाडी फूटभर पुढे घेतली की दात बसतात आणि दिवा स्थिर होतो. लॉकमध्ये वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास अडवलेला असतो, तेव्हा "लॉक टाकल्यावर पिकअप गेला" हीसुद्धा तक्रार नव्हे.

उरलेल्या तऱ्हांपैकी होंडाच्या बऱ्याच फोरट्रॅक्स मॉडेलांत पुढे ताकद ओळखून वाटणारा मर्यादित घसरणीचा डिफरेन्शियल आहे. हँडल हलकं राहतं, पण एक चाक हवेत लटकलं की त्याची मदत संपते. कावासाकीच्या ब्रूट फोर्स 750 वर डाव्या हँडलला एक वेगळा लिव्हर असतो. तो जेवढा ओढाल तेवढा पुढचा डिफरेन्शियल आवळला जातो. सेकंडहँड घेतलेल्या गाडीवर तो लिव्हर कशाचा आहे हे मालकाला माहीतच नसतं, असंही बघितलं आहे.

एवढं कळल्यावर हातानं तपासणी करा. गाडी सपाट काँक्रीटवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा भाग उचलून फ्रेमखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. इंजिन बंद, चावी चालू, फोर-व्हीलचा स्विच चालू. आता दोघांनी पुढचं एकेक चाक धरून एकाच वेळी, एकाच दिशेनं फिरवायचं. फोर-व्हील खरंच जोडलेलं असेल तर थोडी ढिलाई जाऊन चाकं अडतील, कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला मागची चाकं जमिनीवर घट्ट आहेत. दोन्ही चाकं सहज फिरली तर जोडणीच झालेली नाही: फोर-व्हील जोडणारी छोटी सर्व्हो मोटर, वायरिंग, नाहीतर शाफ्टची स्प्लाइन (टोकाचे जोडणीचे दात) बघा. मग एकच चाक फिरवून बघा. मर्यादित घसरणीच्या गाडीत दुसरं चाक उलट फिरेल, थोडं जड लागेल. व्हिस्को-लोकमध्ये हळू फिरवलं तर सहज जाईल, झटक्यात फिरवलं तर विरोध जाणवेल. लॉक टाकलेलं असेल तर एक चाकही फिरता कामा नये.

पोलॅरिसच्या तऱ्हेला ही हाताची तपासणी फसवते. तिथं गाडीची चारही चाकं उचलून घोड्यांवर घ्यावी लागतात, समोर-मागे कुणी उभं राहू द्यायचं नाही, आणि लो गियरमध्ये अगदी मंद थ्रॉटलवर चाकं फिरवायची. स्विच बंद असताना पुढची चाकं थांबलेली, फार तर ऑइलच्या ओढीनं आळसावून फिरणारी दिसतील. स्विच चालू केला की पुढची दोन्ही चाकं मागच्यांबरोबर फिरली पाहिजेत. एकच फिरलं तर त्या बाजूचे रोलर किंवा ॲक्सल बघा. एकही फिरलं नाही तर बहुतेक वेळा वीज पोहोचत नाहीये.

या तपासणीत गाडी नापास झाली तर बिघाड खरा. मग मुख्य प्रश्न उरतो, की तो दर पावसाळ्यात परत का येतो. आमच्या बघण्यात उत्तर जवळपास नेहमी पाणीच असतं, पण पाणी शिरायची वाट लोक शोधत नाहीत.

विजेपासून सुरुवात करा, कारण ते सोपं आणि स्वस्त. पुढच्या गियरकेसवरचा वायरचा कपलर उघडा. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळवा, डाय-इलेक्ट्रिक ग्रीस भरून बंद करा. अलिबाग-नागावच्या वाळूत फिरून आलेल्या गाड्यांचे कपलर खारं पाणी महिन्याभरात खाऊन टाकतं, वरून सगळं झक्क दिसत असलं तरी. मल्टिमीटर असेल तर स्विच चालू ठेवून कपलरवर बॅटरीएवढा व्होल्ट येतो का बघा. शनिवार-रविवारीच चालणाऱ्या गाडीची बॅटरी अर्धमेली असते. हेडलाइट लागतो, इंजिनही चालू होतं, पण कॉइलला पुरेसा जोर मिळत नाही. कॉइलचा रोध मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, बऱ्याच स्पोर्ट्समनमध्ये तो 24 ओहमच्या आसपास असतो. सर्व्होवाल्या गाडीत चावी चालू करून स्विच दाबा आणि गियरकेसजवळ कान द्या. घुर्र आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर आधी फ्यूज, मग वायर. गोठ्याशेजारी किंवा भाताच्या पेंढ्याजवळ ठेवलेल्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असण्याची शक्यता पुस्तकात नसते, पण मुरबाडात असते.

आता ऑइल. ड्रेन बोल्ट सैल करून थोडं ऑइल काढा. दुधाळ, चहासारखं आलं म्हणजे पाणी शिरलं. लोक ऑइल बदलतात आणि मोकळे होतात; महिन्याभरात पुन्हा दुधाळ. कारण गियरकेसला एक बारीक श्वासनळी असते, रबरी नळी, जिचं तोंड वर हँडलच्या किंवा फ्रेमच्या उंचीवर बांधलेलं असतं. गाडी तासभर चालून गियरकेस तापते, आतली हवा फुगते. मग तुम्ही ओढ्यात शिरता. थंड पाण्यानं केस एकदम निवते, हवा आकसते आणि आतून ओढ तयार होते. नळीचं तोंड वर आणि मोकळं असेल तर हवा येईल. नळी क्लिपमधून निसटून खाली लोंबत असेल तर ती सरळ पाणी पिते. आणि तोंडाशी चिखल किंवा कुंभारमाशीचं घर असेल तर तीच ओढ ऑइल सीलच्या कडेनं पाणी खेचते. मुरबाडकडच्या एका शेतघरातल्या गाडीचं सील वर्षाआड बदललं जात होतं. नळीचं तोंड ब्रेकच्या उंचीवर टाय मारून बांधलेलं होतं. ती नळी वर नेल्यापासून त्या गाडीचं ऑइल स्वच्छ निघतं आहे.

म्हणून नळी काढा, फुंकून बघा, तोंड हँडलच्या उंचीवर खाली वळवून बांधा. मग नवीन ऑइल घालून थोडं चालवा, ते काढून टाका आणि पुन्हा नवीन भरा. एकदा बदलून सगळं पाणी निघत नाही. ऑइल कुठलं, याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे डिफरेन्शियल म्हटलं की मिस्त्री डोळे झाकून नव्वद नंबर ओततो. डिफरेन्शियलवाल्या गाडीला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं हायपॉइड ऑइल चालतं, पण रोलरच्या पकडीवर चालणाऱ्या पोलॅरिसच्या गियरकेसला कंपनीचं डिमांड ड्राइव्हच लागतं. जाड ऑइलमध्ये चकती आणि रोलर वेळेवर हलत नाहीत आणि पकड चुकते. व्हिस्को-लोकचा सिलिकॉन द्रव वेगळा, बंदिस्त असतो. गियरकेसचं ऑइल बदलल्यानं तो बदलत नाही. तो दाब धरेनासा झाला तर ते युनिटच बघावं लागतं.

घरी आल्यावर प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर आणि कपलरवर रोखून मारणं बंद करा. ओढ्यानं जे केलं नसतं ते वॉशर करतो.

टायरकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा थांबतो. मागचे टायर आधी झिजतात, आणि इथं एटीव्हीचे टायर मागवायला वेळ लागतो, म्हणून मिळेल ते माप चढवलं जातं. पुढे 25 इंची, मागे झिजून 24 इंच उरलेला असेल तर मागच्या चाकाचा घेर 199.5 सेंटिमीटरऐवजी 191.5 सेंटिमीटर भरतो. किलोमीटरमागे मागची चाकं सुमारे 21 फेरे जास्त मारतात. रोलरवाल्या गाडीत चाकं आणि रिंग गियर यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट यामुळे कमी होते आणि कडक रस्त्यावरही पकड लागून हँडल जड होतं. उलट पुढचे टायर लहान असतील तर फट वाढते आणि मागची चाकं खूप घसरल्यावरच पुढची जागी होतात. हवेचंही तसंच. एटीव्हीच्या टायरला साधारण 5 ते 7 पीएसआय हवा लागते, आणि हायवेवरचा टायरवाला सवयीनं 30 भरून देतो. त्याच्या गेजवर 5 नीट दिसतही नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

ॲक्सलचा रबरी बूट फाटला असेल तर आत चिखल जाऊन जॉइंट सुटतो. मग शाफ्ट फिरतो, चाक नाही. वळताना कटकट आवाज येत असेल तर तेच. पुढच्या शाफ्टची स्प्लाइन पावसाळ्यानंतर काढून ग्रीस लावा, गंजून दात गेले तर दिवा लागेल आणि ताकद पोहोचणार नाही.

उलटी तक्रारही येते: फोर-व्हील सुटत नाही. लॉक टाकून गाडी काँक्रीटवर किंवा डांबरावर चालवली की पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि दात एकमेकांना दाबून बसतात. सर्व्होला ते सुटत नाहीत. गाडी सरळ ठेवून चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, पीळ उतरला की दिवा विझतो. तरीही नाही सुटलं तर एक बाजू जॅकवर उचला. हातोडी मारू नका.

राहिला प्रश्न कुठली तऱ्हा आपल्याकडच्या जमिनीला बरी. भातखाचरांच्या चिकट चिखलात आणि मोठ्या धोंड्यांच्या ओढ्यात माझं मत पूर्ण लॉकच्या बाजूनं आहे. रुतण्याआधीच चारही चाकं ओढायला लागलेली बरी. मात्र लॉकमध्ये हँडल चांगलंच जड होतं, हे घरातल्या वयस्कर माणसांना चालवायला देण्याआधी सांगा. रोज शेतावर चालवायची, स्विचचा विचार करायचा नाही, असं असेल तर पोलॅरिसची तऱ्हा सोयीची, पण तिची एक बाजू लक्षात ठेवा. उतारावर चाकं रिंग गियरच्या पुढे पळतात, म्हणून साध्या मॉडेलमध्ये इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना मिळतो. ओल्या उतारावर मागची चाकं घसरून गाडी आडवी होऊ शकते. उतारासाठीची एडीसी सोय असलेल्या मॉडेलांत पुढची चाकंही रोखतात. तसा उतार शेतावर असेल तर तीच घ्या. व्हिस्को-लोक वाळूत आणि मोकळ्या उतारावर छान, खडकावर एक चाक हवेत गेलं की तिला जागं व्हायला वेळ लागतो.

गाडी तपासून बघायला येऊरच्या जंगलात नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. स्पोर्ट्समन 570 ची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती भारतात आली होती. ती सोडली तर बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवायची परवानगीच नसते, त्यामुळे घोडबंदरला सर्व्हिस रोडवरची "ट्रायल"ही नको. आपल्याच बांधावर, ओल्या गवतात, रिकाम्या गाडीनं चढून बघा, आणि शेजारच्याला समोर उभं राहून पुढचं कुठलं चाक कधी फिरतं याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. मिस्त्रीला फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा तो दहा सेकंदांचा व्हिडिओ दाखवा, सोबत मॉडेलचं नाव आणि टायरवर छापलेलं माप द्या.